अथेन्समधलं श्लीमनचं घर बघण्यासारखं आहे का?

बाळीवेसकर:
आईला घेऊन अथेन्सला चाललोय, ॲक्रोपोलिस तर होणारच. पण ग्रीक कवी होमरच्या महाकाव्यातलं ट्रॉय शहर खणून काढणाऱ्या हाइनरिक श्लीमनचं राहतं घर तिथं आहे आणि आता त्यात नाण्यांचं म्युझियम केलंय म्हणे. मला ट्रॉयचं शाळेपासून वेड, आईला नाण्यांत अजिबात रस नाही. अर्धा दिवस द्यावा का?

सातरस्ता:
द्या की ओ, बिनधास्त! सिंटाग्मा मेट्रोला उतरून थोडं चाललं की आलंच. एर्न्स्ट झिलर नावाच्या आर्किटेक्टनं १८७८ ते १८८० मध्ये बांधलेला वाडा आहे, नुसत्या नाण्यांच्या कपाटांत अडकू नका. आधी मान वर करून छत बघा, पंखवाली गुबगुबीत पोरं उत्खनन करतायत अशी चित्रं काढून घेतलीत श्लीमन पठ्ठ्यानं! मग खाली फरशी बघा, मोझाइकमध्ये त्याला सापडलेल्या वस्तूंचीच नक्षी. भिंतींवर जुन्या ग्रीकमधली वचनं आणि कुंपणाच्या जाळीत चक्क स्वस्तिक, कारण ट्रॉयला सूत कातायच्या मातीच्या चकत्यांवर त्याला ते सापडलं होतं. काम डोक्यात किती भिनलं होतं ते तिथं कळतं. आई थकल्या तर बागेत कॅफे आहे.

बाळीवेसकर:
वा! आणि ट्रॉयला त्याला मिळालेला तो सोन्याचा खजिना तिथंच आहे का?

विजापूर रोड:
नाही, तो मॉस्कोला पुश्किन म्युझियममध्ये. श्लीमननंच ग्रीसमधल्या मायसीनीत खणून काढलेलं सोनं मात्र अथेन्सच्याच राष्ट्रीय पुरातत्त्व म्युझियममध्ये आहे, ते चुकवू नका. घर सुंदरच आहे पण मला श्लीमनचा रागही येतो, ट्रॉय जिथं होतं त्या तुर्कस्तानातल्या हिसारलिकच्या टेकडीत मधोमध मोठा चर मारून वरचे थर फोडत खाली गेला, आणि १८७३ ला मिळालेला तो 'प्रायमचा खजिना' निघाला होमरच्या ट्रॉयपेक्षा हजारेक वर्षं जुना. म्हणजे जे शोधायला गेला त्यातलंच बरंच उपसून टाकलं. ती जागा आधी ओळखली फ्रँक कॅल्व्हर्टनं, त्याचं नाव कोण घेतं?

बार्शीवाला:
राग बरोबर आहे. बाळीवेसकर, निघायच्या आधी एक दिवस आपल्याकडचंही जुनं गाव बघायला धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जाऊन या, म्युझियम चालू आहे का तेवढं विचारून घ्या. रामलिंगप्पा लामतुरेंनी गावात सापडलेल्या वस्तू वर्षानुवर्षं गोळा केल्या, त्यावरच ते सरकारी म्युझियम उभं राहिलंय. सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या, रोमशी व्यापाराच्या खुणा, सगळं बघायला मिळतं. 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक सागरी व्यापाराच्या पुस्तकातलं तगर ते हेच गाव. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट जवळ जाऊन बघा, आणि गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शनही होईल आईंना.