एकांतवासी मावशीच्या दिनक्रमाचा मसुदा – मदत हवी आहे

कोल्हापुरातली माझी कॅथलिक मावशी (६२, निवृत्त शिक्षिका) एकांतवासी व्हायचं म्हणतेय. मठात नाही, स्वतःच्या घरीच. १९८३च्या कॅथलिक धर्मसंहितेतला कॅनन ६०३ (एकांतवासींबद्दलचं कलम) वाचला: बिशपांच्या हाती व्रतं, त्यांच्या मार्गदर्शनाखाली ठरलेला जीवनक्रम. फादर म्हणाले, आधी कच्चा मसुदा आणा. तिथंच गाडी अडलीय. कार्थुसियन या कॅथलिक संघातले संन्यासी आपापल्या खोलीत एकटे राहतात, पण रविवारी एकत्र जेवतात, आठवड्यातून एकदा बोलत फिरायला जातात. एकटीनं राहणारीला हे कुठून आणायचं? आणि इथं एकांत म्हणजे, शेजारीण पांढऱ्या रश्श्याचा डबा घेऊन दारात हजर! पेन्शन आहे, खर्चाची अडचण नाही. बीपीमुळं फोन मात्र बंद ठेवता येणार नाही. अशा मसुद्यात मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), भेटीगाठी, फोन यांच्या वेळा किती नेमक्या लिहितात?