जुन्या पेन्सिली जमवायच्यात, कुणी बनवल्या ते कसं ओळखायचं? (सल्ला हवा)

चिन्मयी_पुणे: नमस्कार मंडळी, जुन्या बाजारात एका पत्र्याच्या डबीत शिसपेन्सिली मिळाल्यात, बऱ्याचशा टोक न काढलेल्या, आणि आता अजून जमवाव्याशा वाटतायत. पण सोनेरी अक्षरं उडालीत. एका पिवळीवर 'कोहिनूर १५००' एवढंच लागतंय, म्हणजे भारतीय का? दोनतीनवर नुसतं 'फेबर' दिसतंय. एकीचं शिसं जांभळट आहे. एकच कंपनी धरू का मिळेल ते घेत जाऊ?

गिरगावचा_गडी: ताई, नाव हिऱ्याचं पण पेन्सिल हार्टमुथची. १७९० ला व्हिएन्नात सुरू झालेली कंपनी, १८४८ मधे बुडवाइसला गेली, ते आज चेक प्रजासत्ताकात आहे. १५०० नंबर त्यांनी १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात आणला. मी म्हणेन हीच धरा, कारण मेकर तोच राहिला आणि देशाचं नाव बदलत गेलं, त्यामुळे काळ लगेच कळतो. 'इन ऑस्ट्रिया' असेल तर साधारण पहिल्या महायुद्धापर्यंतची, 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर त्यानंतरची, १९९२ पर्यंत कधीचीही. यूएसए दिसलं तर घाबरू नका, न्यू जर्सीतल्या ब्लूम्सबरीलाही बनायच्या.

रेवती_नाशिक: अक्षरं उडाली तरी ठसा लाकडात दबलेला असतो. खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च पेन्सिलीला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि पेन्सिल हळूहळू फिरवा, खळग्यात सावली पडते आणि नाव उठून येतं. पुसायला ओलं फडकं अजिबात नको, उरलेला सोनेरी पण जाईल. आणि रबरबँड लावून ठेवू नका प्लीज, रबर वितळून रंगाला चिकटतो.

दादरकर_काका: 'फेबर'वर फार विश्वास ठेवू नका. लोथार, योहान आणि एबरहार्ड हे तिघं सख्खे भाऊ. लोथारनी घरची ए. डब्ल्यू. फेबर सांभाळली, योहाननी न्यूरेंबर्गला स्वतःचा कारखाना काढला आणि एबरहार्डनी १८६१ ला न्यूयॉर्कमधे. त्यामुळे आडनावाच्या आधी काय छापलंय ते वाचल्याशिवाय ठरवता येत नाही. 'वेस्टर्न जर्मनी' असेल तर १९४९ नंतरची.
जांभळी ती कॉपिंग पेन्सिल, म्हणजे लिहिलेल्याची नक्कल उठवता येणारी. त्यात अ‍ॅनिलिन रंग असतो, ओल्या कागदावर रेघ ओढली की गडद जांभळी होते. तोंडात घालू नका, डोळ्याजवळ नको आणि मुलांच्या हाती तर मुळीच नको.

सोलापूरी_चादर: सगळे परदेशीच का सांगताय? नटराज आणि अप्सरावाल्या हिंदुस्थान पेन्सिल्सची सुरुवात १९५८ ची, कॅम्लिन तर आपल्या दांडेकरांची, १९३१ पासूनची. शाळेतल्या पेन्सिली शेवटपर्यंत झिजवूनच टाकतात, त्यामुळे अख्खी जुनी मिळणं जास्त अवघड आणि माझ्या मते जास्त मोलाचं. गावातल्या जुन्या स्टेशनरीवाल्याला माळ्यावरचा माल विचारा, ऑनलाईन बघण्याच्या आधी.

चिन्मयी_पुणे: रेवतीताई टॉर्चनी खरंच दिसलं!! पिवळीवर 'हार्टमुथ इन चेकोस्लोव्हाकिया', आणि एका फेबरच्या आधी स्पष्ट 'योहान'. काका, मग ही कधीची धरायची?

दादरकर_काका: १९४२ मधे योहानची कंपनी पूर्णपणे फेबर-कास्टेलकडे, म्हणजे लोथारवाल्या घरच्या कंपनीकडे गेली, पण नाव लगेच बंद झालं असं धरू नका. देश काय लिहिलाय ते बघा आणि सगळ्या बाजूंचे फोटो टाका, टोकाकडची ग्रेडची अक्षरं पण येऊ देत.