बागेत फवारतो तेच विष आप्पांच्या गोळीत?

देवगडचा बागवाला: आमचे आप्पा 78 वर्षांचे. जेवून तास होत नाही तोच विचारतात, "आज जेवायचं नाही काय?" डॉक्टरांनी रात्री स्मृतिभ्रंशावरची डोनेपेझिल 5 मिलिग्रॅम सुरू केली. वाचलं तर कळलं, मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन अ‍ॅसिटिलकोलीन मोडणाऱ्या एन्झाइमला ही गोळी अडवते. मोहोरावरच्या तुडतुड्यांना आम्ही जे ऑर्गॅनोफॉस्फेट मारतो, तेही तेच एन्झाइम अडवतं! फवारणीचा गडी विषबाधेने लोळताना पाहिलाय मी. लाळ, घाम, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. म्हातारपणी हे कशाला? गोळी बंद करावी, असं माझं स्पष्ट मत.

केमिस्टकाकी: घराणं एक, पण पकड वेगळी. फवारणीचं औषध एन्झाइमला चिकटलं की सहजी सुटत नाही. डोनेपेझिल धरतं आणि सोडतं. याच घराण्यातलं निओस्टिग्मिन नाग चावलेल्याला अ‍ॅट्रोपिनसोबत टोचतात, मिटलेल्या पापण्या उघडतात. तेव्हा कोणी विष म्हणत नाही.

रानवाट: काकी, नागाच्या दंशाला ठीक. मण्यारीच्या दंशाला त्याचा भरवसा नाही. तिचं विष मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन सुटूच देत नाही. सुटलंच नाही तर मोडण्यापासून वाचवणार काय?

मालवणी माणूस: माझ्या आवशीक हीच गोळी होती. आजार काय थांबलो नाय, पण वरीसभर ती माका नावान हाक मारी. माका तेवढा पुरे.

देवगडचा बागवाला: दादा, तुमच्या आईंना सोसली. आप्पांना जुलाब लागले, भूक मेली. परवा न्हाणीच्या दारात भोवळ येऊन पडले, नाडी 48.

केमिस्टकाकी: अरे, हे आधी सांगायचं! बीपीला काय चालू आहे?

देवगडचा बागवाला: मेटोप्रोलॉल.

केमिस्टकाकी: दोन्ही नाडी मंद करतात, एकत्र आली की जास्तच. धाग्यावर मतं मागू नकोस, आजच डॉक्टरांकडे ने, ईसीजी काढ. दोन्ही पाकिटं सोबत ने. आणि मेटोप्रोलॉल मनाने तोडू नकोस, ते एकदम सोडणंही वाईट.

रानवाट: म्हणजे बागवाल्याची शंका अगदीच खोटी नव्हती.

केमिस्टकाकी: शंका खरी, कारण चुकीचं. बाहुली बारीक करणारं पिलोकार्पिन काचबिंदूत डोळ्यात घालतात. फवारणीच्या गड्याला जे झालं, तेच तिथे औषध.

देवगडचा बागवाला: आत्ताच आलो. डोनेपेझिल तूर्त बंद, मेटोप्रोलॉलचं डॉक्टर ठरवताहेत. माझं मत अजून तेच. पण येताना गाडीत आप्पा म्हणाले, "कलमांना पाणी घातलंस?" चार महिन्यांत पहिल्यांदा बागेचं विचारलं. हे गोळीमुळे की असंच, कुणी सांगेल?