एमिट ऱ्होड्स कंपनीने संपवला की एकट्याने सगळं करायच्या हट्टाने?

सुरपेटी (धागाकर्ता)

पॉवर पॉपच्या (गोड चालींच्या, बीटल्सच्या वळणाच्या रॉकच्या) चाहत्यांमध्ये अमेरिकन गायक-गीतकार एमिट ऱ्होड्सची कहाणी नेहमी एकाच साच्यात सांगतात. कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्नचा पोरगा आईवडिलांच्या घरामागच्या शेडमध्ये फोर-ट्रॅक मशीन (एका टेपवर चार वेगळे आवाज घेणारं रेकॉर्डिंग यंत्र) लावतो, गिटार, बास, पियानो, ड्रम्स सगळं स्वतः वाजवतो. असा केलेला १९७० चा अल्बम बिलबोर्डच्या अमेरिकन विक्री-यादीत २९ व्या क्रमांकापर्यंत चढतो. मग डनहिल या रेकॉर्ड कंपनीचं कंत्राट आडवं येतं: दर सहा महिन्यांनी एक अल्बम. ते जमत नाही, म्हणून कंपनीचा त्याच्यावर अडीच लाख डॉलरचा दावा. १९७३ च्या तिसऱ्या अल्बमनंतर जो खंड पडतो तो २०१६ पर्यंत. कंपनी खलनायक, कलाकार बळी.

मला हे अर्धंच पटतं. कंत्राट जाचक होतं, वादच नाही. पण त्याच्या पद्धतीने वर्षाला एक अल्बम निघणंही मुश्कील. एकट्याने चार ट्रॅकवर काम करायचं म्हणजे एक वाद्य गाणंभर वाजवायचं, ते ऐकत त्यावर दुसरं, मग तिसरं. ट्रॅक संपले की तिन्ही मिसळून उरलेल्या ट्रॅकवर उतरवायचे आणि मूळ ट्रॅकवर नवीन भरायचं. त्या मिश्रणात बास जरा चढा राहिला तर तो कायमचा चढा. प्रत्येक उतरवणीला टेपची खरखर वाढते ती वेगळीच. आणि 'हे कडवं उडव, गाणं रेंगाळतंय' म्हणायला खोलीत कुणी नाही. अशा माणसाने त्या कागदावर सही का केली?

उलटा_ठेका

का केली म्हणजे? विशीतला पोरगा होता! आणि कंपनीला काय माहीत नव्हतं? 'सगळं एकट्याने केलंय' याच गोष्टीचं तर कौतुक झालं. एका माणसाचं काम म्हणून विकत घ्यायचं आणि कारखान्याच्या वेगाने मागायचं, वर दावा ठोकून रॉयल्टी अडवायची. त्यात ए अँड एम कंपनीने त्याच सुमारास त्याची जुनी रेकॉर्डिंग्ज 'द अमेरिकन ड्रीम' नावाने बाजारात सोडली. गिऱ्हाईकाला कळेना नवीन कुठलं नि जुनं कुठलं. यात हट्टाचा संबंध काय?

काळी_पाच

थोडं थंड घ्या. सहा महिन्यांना एक अल्बम हे त्या धंद्यात जगावेगळं नव्हतं. बीटल्सनी १९६४ आणि १९६५, दोन्ही वर्षी इंग्लंडमध्ये दोन-दोन अल्बम काढले. फक्त तिथे चौघे होते, त्यातले दोघे अव्वल गीतकार, आणि डोक्यावर निर्माता जॉर्ज मार्टिन. धागाकर्त्याचा मुद्दा तिथेच सिद्ध होतो.

बाकी, मला ऱ्होड्स फार ग्रेट वाटत नाही. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीची दुय्यम आवृत्ती. तोच गोड आवाज, तेच उड्या मारणारे बास.

सुरपेटी

@काळी_पाच, आवाजाचं साम्य मान्य. पण तारखा बघा. ऱ्होड्सच्या 'द मेरी-गो-राउंड' या बँडचं 'लाइव्ह' हे गाणं १९६७ चं. ऱ्होड्सचं दुसरं एक गाणं इंग्लंडच्या फेअरपोर्ट कन्व्हेन्शन बँडने १९६८ च्या आपल्या पहिल्याच अल्बममध्ये गायलं. म्हणजे लंडनकडून फक्त घेतलंच असं नाही, थोडं तिकडे गेलंही. 'लाइव्ह' पुढे १९८४ मध्ये बँगल्स या अमेरिकन बँडनेही गायलं.

मॅकार्टनीचा घरगुती अल्बम एप्रिल १९७० चा, ऱ्होड्सचा त्याच वर्षाच्या शेवटचा. दोन्ही लागोपाठ ऐका. मॅकार्टनी मजेत आहे, अर्धवट सुचलेलं अर्धवटच ठेवतो. ऱ्होड्सची गाणी मात्र घट्ट शिवलेली. याचं कारण माझ्या मते ड्रम्स. ऱ्होड्स मुळात ड्रमर, 'द पॅलेस गार्ड' या आधीच्या बँडमध्ये तेच वाजवायचा. एकट्याने रेकॉर्ड करणारे बहुतेक लोक ड्रम्सवर उघडे पडतात, कारण ठेका धरायचा आणि समोर साथीला कुणीच नाही. याचा ठेका डगमगत नाही.

झायनवासी

मला 'शूज' या बँडची आठवण झाली. इलिनॉयच्या झायन गावात बसून घरातल्याच फोर-ट्रॅकवर 'ब्लॅक व्हिनाइल शूज' केला, १९७७ मध्ये. मग इलेक्ट्रा कंपनीने उचललं, तीन अल्बम झाले, करार संपला. त्यांनी काय केलं? गावातच स्वतःचा स्टुडिओ, स्वतःचं लेबल, आणि काम चालू. कंपनीने सोडलं म्हणून कुणी संपतंच असं नाही. पण ते तिघे-चौघे होते, एकाचा धीर सुटला तर दुसरा होता.

उलटा_ठेका

इलेक्ट्राने शूजवर अडीच लाखांचा दावा नाही ठोकला हो! तुलना करताना तेवढं तरी लक्षात घ्या. ज्याचे हात कोर्टात बांधलेत त्याला 'मित्र जमव' सांगताय.

काळी_पाच

दावा १९७३ नंतर जन्मभर चालू नव्हता. पुढे तो इतरांची रेकॉर्डिंग्ज करत होता, घरी स्टुडिओ होता. म्हणजे हात मोकळे होते, स्वतःचा अल्बम तेवढा निघत नव्हता. २०१६ चा 'रेनबो एन्ड्स' कधी झाला? क्रिस प्राइस निर्माता म्हणून मागे लागला, एमी मान, सुझाना हॉफ्स, जेसन फॉकनर असे गायक-वादक जमले तेव्हा. ऱ्होड्स मला अजूनही दुय्यमच वाटतो, पण या एका बाबतीत धागाकर्त्याशी सहमत.

उलटा_ठेका

ती माणसं का जमली? १९७० च्या त्या एकट्याने केलेल्या अल्बमवर जीव होता म्हणून. हट्ट नसता तर जमायला कारणच नव्हतं.