‘अविश्वासू’ कोण? विश्वास न ठेवणारा की विश्वास न ठेवण्याजोगा?

बाळीवेसकर: काल इथं एकानं लिहिलं, “सोलापुरातलं गिऱ्हाईक अविश्वासू झालंय, चादर दहादा उलटून बघतं.” डोकं फिरलं वाचून. ते गिऱ्हाईक संशयी म्हणा. अविश्वासू म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकता येत नाही तो! माझे वडील यंत्रमागावर होते. सुताच्या चार कांड्या कमी निघाल्या, तर मालक सगळ्यांदेखत ‘अविश्वासू माणूस’ म्हणाला. महिन्यानं कांड्या दुसऱ्या खोलीत सापडल्या. शब्द कुणी मागं घेतला नाही. नंतर तो शब्द कानावर आला की वडील ताटावरून उठायचे.

सातरस्ता: ते मीच लिहिलंय. वडिलांचं वाचून वाईट वाटलं, पण श्रद्धाळू म्हणजे श्रद्धा ठेवणारा, तर विश्वासू म्हणजे विश्वास ठेवणारा का नाही?

बाळीवेसकर: ‘विश्वासू नोकर’ म्हणतो तेव्हा विश्वास कोण ठेवतं, नोकर की मालक?

पूर्वभागवाला: आमच्या घरी तेलुगू. विश्वास म्हणजे ‘नम्मकम्’, अविश्वास ‘अपनम्मकम्’ आणि संशयाला ‘अनुमानम्’. पाचवीत मी निबंधात लिहिलं, ‘मला मित्रावर अनुमान आलं.’ बाईंनी मोठ्यानं वाचलं, वर्ग हसला. मराठीत अनुमान म्हणजे तर्क, हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

होटगीरोड: कन्नडमध्येही तेच! आजी म्हणायची, ‘अनुमान पडबेड’, संशय घेऊ नकोस.

सातरस्ता: मराठी शब्दाच्या चर्चेत तेलुगू-कन्नड कशाला?

पूर्वभागवाला: कशाला म्हणजे? ज्या चादरीवरून तुम्ही लिहिलंत ती विणणाऱ्यांच्या घरातली भाषा आहे ही. हसू झेलत मराठी शिकलो, आता दोन शब्द आमचे सांगितले तर अडचण?

होटगीरोड: बरोबर बोलला. तीन भाषांचं गाव आहे हे, आणि दर वेळी गप्प आम्हीच बसायचं.

जुना_वकील: भांडू नका. १९६३ साली आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारवर लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव आणला. अशा ठरावात कारण नमूद करावं लागत नाही. भरवसा उरला नाही, एवढं पुरतं. ‘अविश्वासू’ म्हटलं की मात्र माणसावर ठपका आला.

सातरस्ता: ठीक, ‘संशयी’ करतो. तेलुगूचंही बोलायला नको होतं. पण घडी मोडून, न घेता निघून जाणाऱ्याचा मला रागच येतो, तिथं माघार नाही.

बाळीवेसकर: मोडू दे घडी. भौगोलिक मानांकन असूनही बाहेरचा माल ‘सोलापुरी’ म्हणून खपवतात. गिऱ्हाईक उलटून बघणारच.