बिक्स बायडरबेक यांचा कॉर्नेट वेगळा का वाटतो?

प्रश्न (पंचवटी, नाशिक): मी येथील लग्नाच्या बँडपथकात कॉर्नेट (ट्रम्पेटसारखे पितळी वाद्य) वाजवतो. अमेरिकन जॅझवादक बायडरबेक यांच्या १९२७ च्या ध्वनिमुद्रणांत एकही सूर ओरडत नाही, तरीही प्रत्येक सूर ठळक उमटतो. त्यांचे गुरू कोण होते?

उत्तर: कोणीच नाही. १९०३ मध्ये आयोवातील डेव्हनपोर्ट येथे जन्मलेले बायडरबेक तबकड्या ऐकत स्वतःच शिकले, त्यामुळे व्हॉल्व्हवर (सूर बदलण्यासाठी दाबायच्या कळांवर) त्यांची बोटे रूढ पद्धतीने पडत नसत. पहिला व दुसरा व्हॉल्व्ह दाबून निघणारा सूर केवळ तिसऱ्यानेही निघतो, हे आपण जाणताच.

उत्तर (गंगापूर रोड): ‘कोणीच नाही’ हे जरा अतिशयोक्त वाटते, कारण त्या तबकड्यांवरचे कॉर्नेटवादक निक लारोका हेच एका अर्थी त्यांचे पहिले शिक्षक होत. शिवाय बायडरबेक पियानो वाजवत आणि फ्रेंच संगीतकार देब्युसीचे संगीत त्यांना प्रिय होते. त्यांच्या सुरावटींतील अनपेक्षित वळणे मला तरी तिथूनच आलेली वाटतात. मद्यपानाने प्रकृती ढासळून १९३१ मध्ये, अवघ्या २८ व्या वर्षी, ते गेले.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. तिसऱ्या व्हॉल्व्हने वाजवून पाहिले. सूर किंचित उतरलेला लागतो, पण वरातीत ते कोण ऐकणार!