टोकियोतला शेवटचा दिवस : रेंकोजी करून संध्याकाळचं विमान गाठता येईल का?

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरअखेर आईबाबांना घेऊन जपानला निघाले आहे. ओसाकाला उतरून क्योटो, हिरोशिमा, हाकोने असं सगळं ठरलंय, बुकिंगही झाली आहेत. घोडं अडलंय ते शेवटच्या दिवसापाशी. आदल्या रात्री उशिरा टोकियोत पोचतोय, मुक्काम उएनोला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला खोली सोडायची आणि संध्याकाळी साडेपाचला नारिताहून विमान. त्यात वार सोमवार, म्हणजे उएनो पार्कातली बहुतेक संग्रहालयं बंद.

बाबांना त्या दिवशी रेंकोजीला जायचंय. ते इतिहासाचे शिक्षक होते. मी सगळा कार्यक्रम त्यांच्यासमोर ठेवला तेव्हा बाकी कशाबद्दल काही बोलले नाहीत, फक्त "टोकियोत नेताजींचं देऊळ होईल का गं?" एवढंच विचारलं. सप्टेंबर 1945 मध्ये नेताजींच्या अस्थी म्हणून जो कलश तिथे आणला गेला, तो निचिरेन या बौद्ध पंथाच्या त्या छोट्या देवळाने आजवर सांभाळलाय. (त्या अस्थी कोणाच्या, हा वाद मला आणि बाबांनाही ठाऊक आहे. कृपया तो इथे नको.) आयुष्यभर ज्यांच्याबद्दल पोरांना शिकवलं त्यांच्यासमोर एकदा उभं राहायचंय, इतकंच त्यांचं म्हणणं आहे. ते मला कसंही करून जमवायचंय.

अडचण अशी की रेंकोजी टोकियोच्या पश्चिमेला सुगिनामी भागात आणि नारिता शहरापासून पूर्वेला साठेक किलोमीटर. आईचे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत. भाऊ म्हणतो रेंकोजी सोडा, सामान विमानतळावर ठेवा आणि जवळचं नारितासान देऊळ बघा, उगाच धावपळ नको.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा : वेळेत बसेल का? आईला झेपेल असा रस्ता कोणता? देवळात आत जाता येतं का, फुलं वाहिलेली चालतात का? आणि आई मासेसुद्धा खात नाही, तर दुपारी तिला पोटभर कुठे मिळेल?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

बसेल, आरामात. सामान हॉटेलातच ठेवून जा, खोली सोडल्यावरही ठेवून घेतात. साडेनवाच्या सुमाराला निघा, त्याआधी मेट्रोत ऑफिसची गर्दी असते आणि आईंना उभं राहावं लागेल. उएनोहून गिन्झा लाइन पकडून अकासाका-मित्सुकेला उतरा. तिथे मारुनोउची लाइनची शिंजुकूकडची गाडी त्याच फलाटाच्या दुसऱ्या बाजूला लागते, एकही जिना नाही. हिगाशी-कोएंजीपर्यंत एकूण पाऊण तास धरा. फक्त होनान्चोची पाटी असलेल्या गाडीत बसू नका, ती नाकानो-साकाउएला फाटा घेते. ओगिकुबोची हवी. स्टेशनला लागूनच एक मोठं उद्यान आहे, तिथून देऊळ हळू चाललात तरी दहा मिनिटांच्या आत.

आम्ही गेलो तेव्हा देवळाचं दार बंद होतं आणि आवारात आमच्याशिवाय कोणी नव्हतं. पण नेताजींचा अर्धपुतळा बाहेर अंगणातच आहे. कोणीतरी वाहिलेली ताजी फुलं समोर होती, आम्हीही आमची ठेवली. नेहरू, राजेंद्रप्रसाद, इंदिरा गांधी इथे येऊन गेले, त्यांचे शब्द तिथे कोरून लावलेत, बाबांना ते वाचायला आवडेल. घाई करू नका, अर्धा-पाऊण तास द्याच.

साडेबारापर्यंत उएनोला परत याल. जेवायला ओकाचिमाची गाठा, उएनोपासून एकच स्टेशन. तिथे जवाहिऱ्यांची बाजारपेठ आहे आणि बरेच भारतीय, त्यात जैनही, त्या व्यापारात आहेत. त्यामुळे शुद्ध शाकाहारी जेवण मिळतं. जपानी हॉटेलात "भाजीचं" म्हणून दिलेल्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो, आईंसाठी तिकडे जाऊच नका.

मग केइसेइ-उएनोहून स्कायलायनर, म्हणजे विमानतळाची जलद गाडी. हे स्टेशन जेआरच्या (जपान रेल्वेच्या) उएनोपेक्षा वेगळं आहे, बॅगा घेऊन पाचेक मिनिटं चालावं लागतं. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे सामान निवांत चढवता येतं. पाऊण तासात टर्मिनल 2. दीडची पकडलीत तर सव्वादोनला विमानतळावर.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. नारितासान मला फार आवडतं. 940 सालचं देऊळ आहे, रोज होम होतो, तो बघण्यासारखा असतो. पण स्टेशनपासून बाजारातला रस्ता उताराचा आहे आणि शेवटी दगडी पायऱ्या. गुडघेदुखीला ते रेंकोजीपेक्षा जड जाईल. भावाला हे सांगा.

साधी सुइका कार्डं (आधी पैसे भरून प्रवासात वापरायची) असतील तर निघण्यापूर्वी त्यातली शिल्लक संपवा आणि उएनोच्या जेआर खिडकीवर परत करा, 500 येन अनामत पूर्ण मिळते. शिल्लक ठेवलीत तर त्यातून 220 येन कापतात. पर्यटकांच्या वेलकम सुइकावर मात्र परतावा नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! अकासाका-मित्सुकेचं वाचून निम्मी काळजी मिटली. आत्ताच बाबांना फोन करून सांगितलं, त्यांनी लगेच डायरीत स्टेशनांची नावं लिहून घेतली. नारितासान रद्द, भावालाही पटलंय.

आता एकच विचारते. दार बंद असेल तर बाबा अंगणातून नमस्कार करून समाधानाने परततील, पण आत जाता आलं तर मला फार बरं वाटेल. आधी कळवून कोणाला आत जायला मिळालंय का? पुजाऱ्यांशी जपानीत फोनवर बोलून देईल असं टोकियोतलं कोणी इथे आहे का? आम्ही सकाळी साडेदहा ते सव्वाअकराच्या दरम्यान तिथे असू. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.